मोटारीचा वेग आणि आईची मांडी

मोटार वाहन कायद्यात 2019 साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातील दंडाच्या वाढीव रकमांवर देशभर चर्चेचे मोहोळ उठले होते. हेल्मेट, परवाना, दारू पिऊन वाहन हाकणे या कलमांवर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. परंतु त्याच दुरुस्तीने कायद्यात दाखल झालेले 194-ब या कलमाचे दुसरे पोटकलम मात्र फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने अथवा मुलांसाठीच्या सुरक्षा-आसनाने बांधलेले नसताना जो कोणी वाहन चालवील, किंवा चालवू देईल, त्याला एक हजार रुपये दंड, असे ते पोटकलम सांगते. 1 सप्टेंबर 2019 पासून ही तरतूद अमलात आहे. तिचा अंमल कितपत होतो हे पाहण्यासाठी कोणा समितीची गरज नाही. रविवारी सायंकाळी पणजी-मडगाव रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभे राहिले तरी पुरे. चालकाशेजारच्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर वर्षा-दीड वर्षाचे मूल, मागच्या बाजूला दोन सीटांच्या मधल्या फटीत उभा असलेला चार वर्षांचा थोरला भाऊ, हे दृश्य दर दहा गाड्यांमागे एकदा तरी दिसल्याखेरीज राहणार नाही. कौतुकाचा कळस म्हणजे बाळाला थेट स्टिअरिंगपुढे घेऊन गाडी चालवणारे वडील. हे सारे प्रेमापोटीच चालते यात शंका नाही. पण त्या प्रेमाला ज्ञानाची जोड नाही, हीच खरी अडचण आहे.

हा विषय श्रीमंतांच्या चोचल्यांचा आहे, त्यावर अग्रलेखाची जागा कशाला खर्ची घालायची, असे कोणी म्हणेल. निदान गोमंतकीयाने तरी तसे म्हणू नये. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील साडेसात टक्के कुटुंबांकडे मोटार असल्याचे आढळले. गोव्यात हेच प्रमाण सुमारे 45 टक्के निघाले आणि ते देशात सर्वाधिक होते. म्हणजे आपल्याकडे जवळजवळ दर दुसऱ्या घराच्या अंगणात मोटार उभी आहे. चवथीला मूळ घरी जायचे, जत्रेला जायचे, बाळाला डोस द्यायला न्यायचे, तर हल्ली आपण मोटारीनेच जातो. ज्या समाजात मोटार ही चैनीची वस्तू राहिलेली नाही, त्या समाजात मोटारीतील मुलाची सुरक्षितता ही चैन कशी काय ठरते?

प्रथम विज्ञान काय सांगते ते पाहू. ताशी 50 किलोमीटर वेगाने चाललेली गाडी एखाद्या झाडावर किंवा समोरून येणाऱ्या वाहनावर आदळली, की ती सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास थांबते. गाडी थांबते, पण गाडीतील माणूस थांबत नाही. तो त्याच 50 किलोमीटरच्या वेगाने पुढे जात राहतो, आणि त्याला कोणीतरी किंवा कशाने तरी अडवावे लागते. दहा किलो वजनाच्या मुलाला एवढ्या वेळात थोपवायचे, तर सरासरी दीडशे किलोच्या आसपास भार पेलण्याइतका जोर लागतो आणि ऐन धक्क्याच्या क्षणी तो याच्या दुपटीवरही जातो. पोत्याएवढे ओझे हमालही पाठीवर घेतो, दोन हातांच्या मिठीत झेलत नाही. मग आपल्या बाळाला आपण घट्ट धरून ठेवू, ही आईची समजूत कितीही उत्कट असली तरी तिला निसर्गनियमांचा पाठिंबा नाही. त्यातून आईने स्वतः पट्टा लावलेला नसेल तर तिचेच शरीर मुलाला पुढच्या फळीवर चिरडते. ताशी 50 किलोमीटरने आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणे. तिसऱ्या मजल्याच्या उघड्या गॅलरीत कठड्याशिवाय कोणी आपले मूल सोडील काय?

दुसरी गोष्ट मुलाच्या शरीराची. मूल म्हणजे माणसाची छोटी प्रतिकृती नव्हे. नवजात अर्भकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढे असते. मोठ्या माणसात ते प्रमाण सातव्या-आठव्या हिश्शावर येते. त्या जड डोक्याला आधार देणारी मान मात्र कोवळी, तिची हाडे अद्याप पुरती न जुळलेली. पुढे तोंड करून बसलेल्या तान्ह्या मुलाचे धड पट्ट्याने जागच्या जागी राहिले तरी डोके पुढे फेकले जाते आणि सारा ताण मानेवर येतो. मोठ्या माणसांसाठी केलेला पट्टा लहान मुलाच्या खांद्यावर न बसता गळ्यावर येतो आणि खालचा पट्टा कमरेच्या हाडाऐवजी मऊ पोटावर चढतो. धक्क्याच्या वेळी तोच पट्टा पोटातील इंद्रियांना इजा करतो. म्हणून मुलासाठी त्याच्या वयाला, वजनाला आणि उंचीला साजेसे निराळे आसन लागते.

या आसनाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत मोटारीतील मुलांसाठी खुर्च्या विकल्या जाऊ लागल्या. पण त्यांचा हेतू मुलाला वाचवण्याचा नव्हता. मूल उंच बसावे, त्याला खिडकीबाहेरचे दिसावे आणि पुढे गाडी चालवणाऱ्या आईबापांना ते नजरेत ठेवता यावे, एवढ्याचसाठी त्या होत्या. सीटच्या पाठीवर लोखंडी आकडे अडकवून टांगलेली ती खुर्ची अपघातात मुलासकट पुढे उडाली असती. तीस वर्षे जगाने यालाच मुलाची सोय मानले. 1962 च्या सुमारास अमेरिकेत लेनर्ड रिव्हकिन आणि ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मुलाला अपघातात वाचवणे हाच उद्देश असलेली आसने तयार केली. त्यानंतर दोन वर्षांनी स्वीडनमध्ये पुढचे पाऊल पडले. बर्टिल आल्डमन या स्वीडिश वैद्यक संशोधकाने दूरचित्रवाणीवर अमेरिकेच्या जेमिनी अंतराळवीरांची आसने पाहिली. उड्डाणाच्या वेळचा प्रचंड दाब संपूर्ण पाठीवर सारखा विभागला जावा म्हणून अंतराळवीरांना पाठीवर निजवलेले असते. जो न्याय अंतराळवीराला, तोच तान्ह्या मुलाला का नको, असा प्रश्न आल्डमनला पडला. मुलाचे तोंड गाडीच्या मागच्या दिशेला केले, तर समोरून बसणारा धक्का डोके, मान आणि पाठ यांवर मिळून पसरतो आणि मान एकटी पडत नाही. 1964 साली अशा आसनाचा पहिला नमुना व्होल्वो कंपनीच्या मोटारीत तपासला गेला आणि 1972 साली त्या कंपनीने तसे आसन बाजारात आणले. तेव्हापासून स्वीडनमध्ये मूल चार वर्षांचे होईपर्यंत त्याला मागे तोंड करून बसवण्याची रीत रुळलेली आहे.

विज्ञानाने वाट दाखवली म्हणून उद्योग आणि शासन लागलीच त्या वाटेने जातात असे नाही. 1968 च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्स या बड्या कंपन्यांनी मुलांची सुरक्षा-आसने विक्रीस आणली, पण ती घेण्याची सक्ती नव्हती आणि घेणारेही थोडे होते. 1971 साली अमेरिकी सरकारने या आसनांसाठी पहिले मानक लागू केले. आसन मोटारीच्या पट्ट्याने बांधता आले पाहिजे आणि मूल आसनात पट्ट्यांनी बांधता आले पाहिजे, एवढीच त्याची अपेक्षा. प्रत्यक्ष धडक घडवून आसन टिकते की नाही हे पाहण्याची अट त्या मानकात नव्हती! धडकेची चाचणी सक्तीची व्हायला 1981 साल उजाडावे लागले. मधल्या दहा वर्षांत सरकारमान्य म्हणून विकली गेलेली आसने अपघातात काय करतील याची खात्री देण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरही टाकलेली नव्हती. शासकीय शिक्का म्हणजे सुरक्षितता नव्हे, हा धडा आपणही गिरवण्यासारखा आहे.

कायद्याची कथाही अशीच आहे. मुलांना सुरक्षा-आसनात बसवणे पालकांवर बंधनकारक करणारा अमेरिकेतील पहिला राज्य-कायदा टेनेसी राज्यात झाला. डॉ. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञाने त्यासाठी अक्षरशः विधिमंडळाचे उंबरठे झिजवले. पहिल्या खेपेस विधेयक पडले. 1977 साली ते संमत झाले आणि 1 जानेवारी 1978 पासून कायदा लागू झाला. आपल्या मुलाला गाडीत कसे बसवावे हे सरकारने आम्हाला सांगू नये, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. तडजोड म्हणून त्या कायद्यात एक पळवाट ठेवली गेली: मोठ्या माणसाने मूल कडेवर किंवा मांडीवर घेतले असेल तर आसनाची गरज नाही. म्हणजे ज्या सवयीपासून मुलांना वाचवायचे, तिलाच कायद्याचे कवच मिळाले. सँडर्स यांनी त्या दुरुस्तीला ‘मूल चिरडणारी दुरुस्ती’ असे झोंबणारे नाव दिले आणि तिच्याविरुद्ध झगडा चालू ठेवला. 1981 साली ती पळवाट बुजवण्यात आली. 1985 पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांनी या स्वरूपाचे कायदे केले होते. त्याचा परिणाम काय? योग्य रीतीने बसवलेल्या आसनामुळे मोटारीतील एक वर्षाखालील अर्भकांच्या मृत्यूची शक्यता सुमारे 71 टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत सुमारे 54 टक्क्यांनी घटते, असा अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा निष्कर्ष आहे. एखाद्या औषधाने एवढा गुण दिला असता तर त्यासाठी आपण रांगा लावल्या असत्या.

मात्र वरील वाक्यातील ‘योग्य रीतीने बसवलेल्या’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. आसन विकत घेऊन गाडीत ठेवले म्हणजे काम संपत नाही. ज्या अमेरिकेत चार दशके हे कायदे आहेत, तेथेही 2015 साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत 46 टक्के आसनांच्या वापरात काही ना काही गंभीर चूक आढळली. कोठे आसन सैल, कोठे मुलाचे पट्टे सैल, कोठे पट्टा भलत्याच खाचेतून ओवलेला. प्रत्येक मोटारीच्या सीटचा आकार निराळा, पट्ट्याची लांबी निराळी आणि आसनाची घडण निराळी. या तिघांचा मेळ घालताना सामान्य पालकाची तारांबळ उडावी हे स्वाभाविकच आहे. म्हणून मोटारीच्या सांगाड्यालाच पोलादी कड्या जोडायच्या आणि आसनाचे आकडे त्यात ‘खट्’कन बसवायचे, अशी एक आंतरराष्ट्रीय पद्धत 1990 च्या दशकात विकसित झाली. तिला आयसोफिक्स म्हणतात. अमेरिकेने अशाच धर्तीची लॅच नावाची पद्धत 2002 पासून नव्या मोटारींना सक्तीची केली. युरोपात 2013 साली संयुक्त राष्ट्रांचा 129 क्रमांकाचा नियम आला. त्याने वजनाऐवजी मुलाच्या उंचीवरून आसन निवडण्याची सोपी रीत घातली, बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणी आवश्यक केली आणि पंधरा महिन्यांपर्यंत मुलाचे तोंड मागेच असले पाहिजे असे बंधन घातले. आल्डमनचे म्हणणे नियमात उतरायला जवळजवळ अर्धे शतक लागले!

सुरक्षेची दोन साधने एकमेकांच्या जिवावर कशी उठतात, याचेही उदाहरण याच इतिहासात आहे. 1990 च्या दशकात अमेरिकेत चालकाशेजारच्या सीटपुढे एअरबॅग आली. मोठ्यांना वाचवणारी ही पिशवी निमिषार्धात प्रचंड जोराने फुगते. त्या सीटवर मागे तोंड केलेले बाळाचे आसन असेल, तर ती नेमकी बाळाच्या डोक्यामागे येऊन आदळते. साध्या, वाचण्याजोग्या अपघातांत या आघाताने अर्भके दगावली, तेव्हा कोठे इशारापट्ट्या आल्या आणि लहान मुलाने मागच्याच सीटवर बसावे हा नियम ठळकपणे सांगितला जाऊ लागला. आपल्याकडे मोटारीच्या जाहिरातींत ‘सहा एअरबॅग’ हा शब्द आता मंत्रासारखा उच्चारला जातो. पुढच्या सीटवर मुलाला मांडीवर घेऊन बसणाऱ्या आईला मात्र त्या सहांपैकी एक एअरबॅग आपल्या बाळाच्या दृष्टीने काय आहे, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान मोटारींची धडक-चाचणी जाहीर केली आणि प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत त्या पाचही मोटारींना शून्य तारे मिळाले. त्या लज्जास्पद निकालानंतर परिस्थिती सुधारत गेली हे मान्य केले पाहिजे. 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची मूल्यांकन-पद्धत सुरू झाली आणि मुलांच्या सुरक्षेसाठी तीत 49 गुणांची वेगळी मोजणी आहे. पण या मोजणीत एक मेख आहे आणि ती ग्राहकाने समजून घेतली पाहिजे. चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे वापरतात, आणि ते पुतळे मोटारीत योग्य बालासनात बांधलेले असतात. मुलांच्या सुरक्षेचे तारे गाडीला मिळतात ते या आसनांसह मिळतात. म्हणजे पाच ताऱ्यांची गाडी घेऊन मूल मांडीवर बसवणाऱ्याच्या पदरी त्यातला एकही तारा पडत नाही. दसऱ्याला गाडी घरी येते, हार घालतात, नारळ फोडतात, लिंबू-मिरची टांगतात. सुगंधी बाटली, पायपुसणी आणि गाणी ऐकण्याचे यंत्र यांवर हजारो रुपये खर्च करतात. मुलाच्या आसनाचा विषय निघाला, की मात्र किंमत डोळ्यांत भरते.

कायद्याच्या शब्दरचनेतही खोट आहे. ‘पट्ट्याने अथवा बालासनाने’ या शब्दांतील ‘अथवा’ हा शब्द सारा अनर्थ करतो. दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा कसातरी गुंडाळला, की कायदा संतुष्ट होतो. वास्तविक तो पट्टा त्या मुलाच्या गळ्याशी आणि पोटाशी आलेला असतो. तेरा वर्षांचा मुलगा आणि तेरा दिवसांचे बाळ यांना कायदा एकाच मापाने मोजतो. कोणत्या वयाला कोणते आसन, किती उंचीपर्यंत, तोंड कोणत्या दिशेला, याचा त्या कलमात उच्चारही नाही. आसने कशी असावीत याबद्दल युरोपच्या जुन्या नियमाच्या धर्तीवर ए.आय.एस. 072 हे मानक आपल्याकडे आखलेले आहे. म्हणजे वस्तूचे मानक आहे, दंडाचे कलम आहे. या दोहोंना जोडणारा दुवा तेवढा नाही. टेनेसीच्या कायद्यातील पळवाट तीन-चार वर्षांत बुजली. आपली ‘अथवा’ची पळवाट 2019 पासून उघडी आहे आणि ती बुजवावी अशी मागणीही कोठे ऐकू येत नाही.

4 सप्टेंबर 2022 रोजी पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार-अपघातात मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर काही आठवडे मागच्या सीटच्या पट्ट्यांची देशभर चर्चा झाली. नामांकित माणूस गेला की चर्चा होते. परंतु त्या एका वर्षात देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली, म्हणजे दिवसाला सरासरी 462, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच अहवालात नमूद आहे. पाच ते एकोणतीस या वयोगटातील मृत्यूंचे जगातील पहिले कारण रस्ते-अपघात हे आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. देवीच्या रोगाचे देशातून उच्चाटन करताना घरोघरी जाऊन लस टोचणारे आरोग्यसेवक आपण पाहिले. त्या रोगाला आपण दैव मानणे सोडले म्हणूनच तो गेला. अपघाताला मात्र आपण अजून दैवाच्याच खात्यावर टाकतो.

आक्षेप बरेच आहेत आणि त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप व्यक्तिस्वातंत्र्याचा. कायद्याने समाज सुधारावा की लोकशिक्षणाने, हा वाद मराठी माणसाला नवा नाही. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी टिळक आणि आगरकर यांच्या लेखण्या याच प्रश्नावर परस्परांसमोर उभ्या होत्या. स्वातंत्र्याचे मोल ज्यांना कळते त्यांनी शासनाच्या प्रत्येक सक्तीकडे संशयाने पाहावे, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु प्रौढ माणसाने आपल्या जिवाशी खेळ करणे निराळे आणि स्वतःचा निर्णय घेऊ न शकणाऱ्या मुलाचा जीव पणाला लावणे निराळे. तेथे पालकाचे स्वातंत्र्य हा मुलाच्या जगण्याच्या हक्काला पर्याय होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप, मूल रडते. रडते खरे. ते लस टोचतानाही रडते. पहिल्या दिवसापासून सवय लावली तर आसनाची आवड लागते आणि तीन वर्षे मांडीवर वाढलेल्याला एकाएकी बांधले तर ते आकांत करते, एवढाच त्याचा अर्थ. तिसरा आक्षेप, आम्ही जवळच जातो, हळू जातो. समोरून येणारा हळूच येईल याचा करार कोणी केलेला असतो? राष्ट्रीय महामार्ग 66 रुंद झाला, जुवारीवर नवा पूल झाला, त्यांबरोबर वेगही वाढले आहेत.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. या देशातील बहुसंख्य मुले मोटारीने जात नाहीत. ती स्कूटरवर आई-वडिलांच्या मध्ये बसून किंवा पुढच्या फळीवर उभी राहून जातात. त्यांचे काय? केंद्र सरकारने 2022 च्या फेब्रुवारीत नियम करून चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला जोडणारा सुरक्षा-पट्टा आणि नऊ महिन्यांवरील मुलाला त्याच्या मापाचे शिरस्त्राण आवश्यक केले, आणि अशा वेळी वेगाची मर्यादा ताशी 40 किलोमीटर ठरवली. फेब्रुवारी 2023 पासून तो नियम लागू आहे. तोही कागदावरच राहिला आहे. पण दुचाकीवरचे मूल असुरक्षित आहे म्हणून मोटारीतील मूलही असुरक्षित राहू द्यावे, हा काही न्याय नव्हे. दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि मोटारीतील प्रश्न त्यातल्या त्यात सुटण्याजोगा आहे. जो सुटण्याजोगा आहे तो आधी सोडवावा.

तेव्हा करावे काय? निव्वळ दंडाचा बडगा उगारल्याने हे होणार नाही. चौकात पोलिसाने हजार रुपयांची पावती फाडली, तर पालक पोलिसावर रागावेल, शहाणा होणार नाही. आमच्या मते आरंभ प्रसूतिगृहापासून व्हावा. बाळाचा मोटारीतील पहिला प्रवास हा रुग्णालयातून घरी जाण्याचा असतो आणि तो बहुधा आजीच्या मांडीवर होतो. बांबोळीच्या गोमेकॉत आणि दोन्ही जिल्हा रुग्णालयांत बाळंतिणीला लसीकरणाचा तक्ता देतात. त्यासोबत आसनाविषयीही दोन शब्द सांगितले गेले पाहिजेत. तान्ह्या बाळाचे आसन वर्ष-सव्वा वर्षच उपयोगी पडते. तेवढ्यासाठी प्रत्येकाने ते विकत घेण्याची गरज नाही. अमेरिकेत 1980 च्या दशकात रुग्णालये आणि सेवाभावी मंडळे अशी आसने नाममात्र भाड्याने देत असत. आपल्याकडील रोटरी, लायन्स, महिला मंडळे यांना हे अवघड नाही. मात्र अपघातातून गेलेले किंवा पूर्वेतिहास ठाऊक नसलेले आसन पुन्हा वापरू नये, एवढे पथ्य पाळले पाहिजे. दुसरे, गोव्यात पर्यटकांना भाड्याने मोटारी देण्याचा मोठा धंदा आहे. मागणी करणाऱ्यास आसन उपलब्ध करून देणे ही परवान्याची अट करता येईल. टॅक्सीचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. ब्रिटनमध्येही टॅक्सीत आसन उपलब्ध नसल्यास सवलत आहे. तेव्हा टॅक्सीचालकावर ओझे न लादता दाबोळी आणि मोपा येथील विमानतळांवर आसने ठेवण्याची व्यवस्था करावी. तिसरे, मोटार-विक्रेत्याने गाडी ताब्यात देतेवेळी आसन कसे बसवायचे हे प्रात्यक्षिकासह दाखवावे. आणि चौथे, केंद्र सरकारने त्या ‘अथवा’चा निकाल लावावा: ठराविक उंचीपर्यंत आसनच, त्यानंतर पट्टा, असा निःसंदिग्ध नियम करावा. आपल्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारायला काहीच हरकत नाही.

ज्यांच्याकडे आसन आहे त्यांनी तरी ते नीट वापरावे म्हणून चार गोष्टी येथेच सांगतो. आसन मागच्या सीटवर बसवावे. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना मागे तोंड केलेले आसन कदापि ठेवू नये. पट्टा किंवा आकडे जेथून जातात तेथे आसन हाताने हलवून पाहावे; ते इंचभरापेक्षा अधिक हलले तर सैल आहे असे समजावे. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता येत असेल तर तो आणखी आवळावा. मागे तोंड असेल तेव्हा हे पट्टे खांद्यांच्या पातळीला किंवा जरा खालून निघावेत, पुढे तोंड असेल तेव्हा पातळीला किंवा जरा वरून. आसन परवानगी देते तोवर मुलाचे तोंड मागेच ठेवावे. पाय दुमडले म्हणून घाई करू नये. आणि पुढे मूल मोठे झाले तरी उंची सुमारे 145 सेंटिमीटर होईपर्यंत त्याच्याखाली उंचवट्याचे बूस्टर आसन असावे, म्हणजे मोठ्यांचा पट्टा गळ्याऐवजी खांद्यावर आणि पोटाऐवजी कमरेच्या हाडावर बसतो. आसनासोबत आलेली पुस्तिका आणि मोटारीची पुस्तिका या दोन्ही वाचाव्यात. नव्या मोबाइलची पुस्तिका आपण वाचत नाही आणि तेथे न वाचल्याने फारसे बिघडतही नाही. येथे मात्र बिघडते.

मुलांवर आपण जीव ओवाळून टाकतो, असे आपण अभिमानाने म्हणतो. परदेशातील आईबाप मुलांना वेगळ्या खोलीत निजवतात, आम्ही कुशीत घेतो, असेही म्हणतो. कुशीची ऊब घरात असावी. तिची थोरवी कोणीही नाकारणार नाही. पण मोटारीचा वेग ही आपल्या आजीच्या काळात नसलेली गोष्ट आहे आणि तिच्यासाठी आजीच्या काळची रीत पुरी पडत नाही. मागे तोंड केलेल्या आसनाचा पहिला नमुना 1964 साली तयार झाला. त्याला साठ वर्षे उलटून गेली. या साठ वर्षांत ज्ञानाची वाण पडलेली नव्हती आणि आता कायद्याचीही, तो अपुरा असला तरी, नाही. उरला आहे तो प्रत्येक घराने घ्यायचा निर्णय. येत्या चवथीला मूळ घरी निघण्यापूर्वी तो घेतला जावा.